स्कूटर चांगली, सर्व्हिसही चांगली; फुटपाथ मात्र गेला

पुण्यात सातारा रस्त्यावर पद्मावती ते बालाजीनगर या टप्प्यात दुचाकींची बरीच शोरूम आहेत. त्यांतल्या एकातून मी गुढीपाडव्याला स्कूटर घेतली. राहतेही त्याच बाजूला, त्याच फुटपाथला लागून असलेल्या सोसायटीत. त्यामुळे हा अभिप्राय गिऱ्हाईक म्हणूनही आहे आणि शेजारीण म्हणूनही. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती एकट्या या दुकानाची नाही. दुसऱ्या शहरांतही हेच चालतं.

आधी खरेदीबद्दल. मी शिवणकाम करते. मापं घ्यायला आणि तयार कपडे पोचवायला धनकवडी, बिबवेवाडी, आंबेगाव असं फिरावं लागतं. पायाशी कापडाची मोठी पिशवी मावली पाहिजे आणि धनकवडीच्या चढावर मागे माणूस बसलेलं असताना गाडी दमायला नको, एवढ्याच माझ्या अटी होत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काकू, उद्या पिशवीच घेऊन या, ठेवूनच बघू.’ दुसऱ्या दिवशी तिने खरोखर एकेका मॉडेलवर ती पिशवी ठेवून दाखवली आणि ज्या गाडीत गुडघे अडकत होते ती स्वतःच बाजूला केली, जरी ती महाग होती. टेस्ट राइडलाही सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणलं नाही, चढावर जाऊ दिलं.

कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, आरटीओ टॅक्स आणि विमा वेगवेगळे लिहिले होते. खाली ‘हँडलिंग’ म्हणून एक रक्कम होती. ती कशाची, असं विचारल्यावर मॅनेजरनी वाद न घालता काढून टाकली. विमा बाहेरून घेतला तरी चालेल, हेही त्यांनीच सांगितलं. दुचाकीबरोबर आयएसआय मार्कचं हेल्मेट द्यायचं असतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं आहे. मला ते मागावं लागलं नाही. पाडव्याच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तरी गाडी ताब्यात देताना एका पोराने चासी नंबर कागदाशी ताडून दाखवला, दोन्ही किल्ल्या लावून बघितल्या आणि उन्हात उभं करून गाडीवर कुठे ओरखडा आहे का, तेही बघायला लावलं. मडगार्डवर केसाएवढी रेघ होती. तिच्यासाठी मडगार्ड बदलून दिलं.

सर्व्हिसिंगही असंच नीट. सकाळी गाडी टाकली की जॉब कार्डची प्रत हातात देतात, जादा काही काम निघालं तर आधी फोन करतात आणि बदललेला पार्ट पिशवीत घालून परत देतात. मागच्या चाकातून येणारा आवाज मी नीट सांगू शकत नव्हते, तर वर्कशॉपमधले दादा स्वतः मागे बसून एक फेरी मारून आले. अशी माणसं जिथे कामाला आहेत त्या दुकानाबद्दल वाईट लिहायला जड जातं.

आता कंटेनर.

इथे नव्या गाड्या बंद कंटेनरमधून येतात. पासिंग बहुतेक वेळा नागालँडचं नाहीतर हरियाणाचं. आत दोन मजले असतात आणि गाड्या पट्ट्यांनी आवळलेल्या, हँडलाला फोम गुंडाळलेल्या. कात्रज चौकाकडून कंटेनर येतो, शोरूमसमोर थांबतो आणि डावीकडची चाकं फुटपाथवर चढवतो. मागचे दरवाजे पूर्ण उघडून बाजूला बांधतात. मग लोखंडी फळी लावतात, तिचं खालचं टोक मुद्दाम फुटपाथवर टेकवलेलं. मी एका ड्रायव्हरला कारण विचारलं. कंटेनरचा तळ जमिनीपासून छातीएवढा उंच असतो. फळी रस्त्यावर टेकवली तर उतार उभा होतो आणि गाडी हातातून सुटते. फुटपाथवर टेकवली की उतार कमी होतो. एक माणूस हँडल धरतो, दुसरा मागून गाडी रोखून धरतो आणि अशी एकेक गाडी खाली येते. कसबी काम आहे, घाम काढणारं. उतरलेल्या गाड्या फुटपाथवरच ओळीने उभ्या राहतात आणि आजूबाजूला कापलेल्या पट्ट्या, फोम आणि प्लास्टिक पसरतं. तास-दीड तासाने कंटेनर निघून जातो, पण गाड्या मात्र तपासणी होईपर्यंत तिथेच असतात, कधी कधी दुपारच्या जेवणापर्यंत.

या सगळ्या वेळात चालणाऱ्याने काय करायचं? खाली उतरायचं आणि कंटेनरच्या बाहेरच्या अंगाने, वाहत्या रस्त्यातून जायचं. आणि हा साधासुधा रस्ता नाही. देशातला पहिला बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली मार्गिका, २००६ मध्ये याच कात्रज-स्वारगेट पट्ट्यात सुरू झाला. बसची मार्गिका मधोमध गेल्यावर बाकीची सगळी वाहनं कडेने चालतात. त्यातली एक लेन कंटेनरने घेतली की उरलेल्या जागेत रिक्षा, टेम्पो, दुचाक्या आणि आपण. मागून येणारं वाहन आपल्याला दिसत नाही, आणि कंटेनरच्या आडून माणूस बाहेर येईल हे पुढच्याला कळत नाही.

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, डावी बाजू अधू आहे. चार पायांचा वॉकर घेऊन चालतात. फिजिओथेरपीचं क्लिनिक शोरूमच्या पलीकडे, आमच्याच बाजूला आहे. रस्ता ओलांडावा लागत नाही म्हणूनच आम्ही ते निवडलं. जाऊन येऊन जेवढं चालणं होतं तोही व्यायामच आहे, असं तिथल्या मॅडम सांगतात. त्यांनी आईंना एक नियम पाठ करून घेतला आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. आता हे फुटपाथच्या कडेला करून बघा. मी आधी वॉकर खाली ठेवते आणि दोन्ही हातांनी दाबून धरते. आई डावा पाय सरकवत सरकवत कडेपर्यंत आणतात, खाली टेकवतात आणि त्याच्यावर भार पडायच्या आत उजवा पाय खाली घेतात. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला की त्यांचं सगळं अंग ताठ होतं. ताठ झालं की डावा गुडघा वळत नाही. मग मी त्यांना कंटेनरच्या चाकाला टेकवून उभी करते, थोडा दम घेऊ देते, आणि तिथून पुढे त्या पेटीची अख्खी लांबी, आईंच्या एकेका पावलाने. पलीकडे पुन्हा चढायचं. तिथे पोचेपर्यंत चांगल्या पायातलाही जोर संपलेला असतो.

एकदा कंटेनरवरच्या ड्रायव्हरने हे पाहिलं आणि फळी बाजूला घेऊन काम थांबवलं. ‘माताजी, पहले आप,’ म्हणाला. पण उतरलेल्या गाड्या शटरपासून कठड्यापर्यंत लागल्या होत्या, त्यांतून वॉकर जाईना. तो हताशपणे आमच्याकडे बघत राहिला. माझा राग त्या माणसावर कधीच नव्हता. चार-पाच दिवस गाडी चालवून आलेला माणूस शोरूमवाले दाखवतील तिथे लावणार.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, त्यांना दिसत नाही. पांढरी काठी घेऊन रोज बँकेच्या बाजूला चहा प्यायला जातात. त्यांनी मला जे सांगितलं ते मला सुचलंही नसतं. काठी जमिनीलगतची गोष्ट ओळखते. कंटेनरचा उघडा दरवाजा जमिनीपासून तीन-चार फुटांवर असतो. काठी त्याच्या खालून निघून जाते, वाट मोकळी आहे असं वाटतं आणि पत्र्याची कड तोंडावर येते. आता काका त्या बाजूला जाताना ओळखीच्या कोणाला तरी सोबत घेतात. इतकी वर्षं ते एकटे जात होते.

मी मॅनेजरशी बोलले. सरळ आत जाऊन, बसून. ते ऐकून घेणारे गृहस्थ आहेत आणि त्यांनी दिलेली कारणं खोटी नव्हती. रात्री उतरवावं तर अंधारात ओरखडे दिसत नाहीत. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, सही करायच्या आधी प्रत्येक गाडीचा चासी नंबर ताडावा लागतो, डेंट असेल तर तिथेच लिहून घ्यावा लागतो, नंतर सापडला तर नुकसान शोरूमचं. पहाटे उतरवावं तर माणसं दहाला येतात. आणि कंटेनर आत घ्यावा तर शोरूमचं गेट तेवढं मोठं नाही.

‘मग गोडाऊनला का नाही?’ मी विचारलं. यांचं गोडाऊन शिंदेवाडीला आहे, हायवेलगत. दक्षिणेकडच्या कारखान्यातून येणारा कंटेनर त्या गोडाऊनवरूनच पुढे येतो, कात्रजचा बोगदा ओलांडतो, शहराच्या गर्दीत शिरतो आणि आमच्या दारात रिकामा होतो. ते म्हणाले, ‘मॅडम, तिथे उतरवल्या तर परत छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) चढवा, इथे आणा, परत उतरवा. मजुरी दुप्पट, ओरखड्याची भीती दुप्पट.’

हे वाक्य मी घरी येऊन खूप वेळ मनात घोळवलं. जिथे मडगार्डवरच्या केसाएवढ्या रेघेसाठी मडगार्ड बदलून देतात, तिथे ओरखड्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे. ती काळजी मला आवडली होती, अजूनही आवडते. पण नवी गाडी सुखरूप उतरावी म्हणून अर्धांगवायूची बाई आणि न दिसणारा माणूस वाहत्या रस्त्यात उतरतात, हा हिशोब कोणी मांडलेलाच नाही. मजुरी वाचते शोरूमची आणि जोखीम उचलतो तिथून जाणारा. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांत ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. साधारण पाचातलं एक माणूस. त्यातल्या कितींना कोणीतरी असंच फुटपाथवरून खाली उतरायला लावलं होतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

दुसऱ्या खेपेला मी कायद्याचे कागद घेऊन गेले. फुटपाथवर वाहन उभं करायला २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत मनाई आहे. सार्वजनिक रस्त्यात अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडविधानात तो २०० रुपये होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो अपंग व्यक्तींना वापरता येईल असा असला पाहिजे. मॅनेजरनी सगळं वाचलं. मग शांतपणे म्हणाले, ‘चलान तर कंटेनरवर पडतं, मॅडम. आमच्यावर नाही.’

ते उर्मटपणे बोलले नाहीत, आहे ते सांगितलं. आणि माझ्या मते गाडं इथेच अडलं आहे. गाडी कुठे लावायची, कधी रिकामी करायची आणि उतरलेल्या गाड्या कुठे ठेवायच्या, हे तिन्ही निर्णय दुकान घेतं. नंबर प्लेटचा फोटो निघतो परराज्यातल्या ट्रकचा, पैसे जातात ड्रायव्हरच्या किंवा त्याच्या मालकाच्या खिशातून, आणि पुढच्या वेळी दुसरा कंटेनर, दुसरा ड्रायव्हर येतो. दुकानाला काहीच लागत नाही. ज्याच्या दारात माल उतरतो त्याच्यावर जबाबदारी टाकल्याशिवाय हे बदलणार नाही. दुकानाचा परवाना, शटरवरची पाटी, वीज, पाणी, सगळं त्याच्या नावावर आहे. मालाची वाटही त्याच्याच नावावर असली पाहिजे.

कंटेनर गेल्यावर फुटपाथ पूर्ववत होत नाही, हेही लिहायला हवं. पेव्हर ब्लॉक माणसांच्या चालण्यासाठी बसवलेले असतात. त्यांच्यावर कित्येक टनांचं चाक पुन्हा पुन्हा चढलं की ते खचतात, कडेचे सुटतात. शोरूमसमोर आता वाटीसारखा खड्डा झाला आहे, पावसात त्यात पाणी साचतं आणि वॉकरचा पाय नेमका त्यात जातो. चेंबरचं एक झाकणही तडकलं आहे. म्हणजे ज्या दिवशी कंटेनर नसतो त्या दिवशीही तो आम्हाला नडतो. रस्ते कसे असावेत याचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघून जाव्यात अशी. आमचा फुटपाथ मोजला तर तेवढा भरतो. रुंदी आहे, मोकळी नाही. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, जंगली महाराज रस्त्यावर बघण्यासारखे पदपथ केले, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. मी आईंना एकदा त्या दिवशी तिथे घेऊन गेले होते. त्या रस्त्याच्या मधोमध वॉकर घेऊन चालल्या आणि सारखं ‘आज कोणी हॉर्न नाही वाजवत गं’ म्हणत होत्या.

होण्यासारखं नाही असंही नाही. बिबवेवाडीकडच्या एका शोरूममध्ये मी मुद्दाम जाऊन बघितलं. त्यांचा कंटेनर शहरात येतच नाही. बाहेर गोडाऊनला रिकामा होतो, तपासणीही तिथेच होते, आणि बुक झालेल्या गाड्या पिकअपमधून चार-चार अशा थेट कंपाउंडच्या आत येतात. पिकअप आत शिरताना फुटपाथ दोन मिनिटं अडतो, एक मुलगा बाहेर उभा राहून माणसांना आधी जाऊ देतो. तिथल्या माणसाला मी खर्चाचं विचारलं. जास्त लागतो म्हणाला, पण शोरूममध्ये जागा रिकामी राहते आणि गिऱ्हाईकाला गाड्या नीट बघता येतात, त्यात निघतो.

आमच्या शोरूमनेही मध्यंतरी एक प्रयत्न केला, तो सांगितला नाही तर अन्याय होईल. मी दुसऱ्यांदा बोलल्यानंतर दोन माणसांना सकाळी लवकर बोलावून साडेसहाला कंटेनर लावला. साडेआठपर्यंत फुटपाथ झाडून मोकळा. उजेड होता, चासी नंबरही ताडून झाले. शाळेला जाणारी मुलं मात्र त्याच वेळी निघतात, त्यांची अडचण झालीच. तरी दहा-अकराच्या गर्दीपेक्षा शंभर पटीने बरं. तो क्रम थोडे दिवस टिकला. मग लवकर येणाऱ्यांना जादा पैसे मिळेनात म्हणून त्यांनी यायचं सोडलं आणि कंटेनर पुन्हा दहा वाजता.

दुचाकी घ्यायला निघालेल्यांना माझं एक सांगणं आहे. कोटेशन हातात घेताना मायलेज आणि एक्स्चेंज बोनसबरोबर एवढंही विचारा, की तुमचा कंटेनर कुठे रिकामा होतो? मी पाडव्याला हे विचारलं असतं तर कदाचित त्या ‘हँडलिंग’च्या रकमेवर वेगळं बोलणं झालं असतं. गोडाऊनमधून गाडी आणायचा खर्च किमतीत घेतो असं कोणी मला समजावून सांगितलं, तर तो द्यायला मी तयार आहे. विचारणारी चार गिऱ्हाइकं आली की मालक ऐकतो. दारातल्या शेजारणीपेक्षा गिऱ्हाइकाचं लवकर ऐकतो.

स्कूटर, विक्री आणि सर्व्हिसिंगसाठी मी इथे पाच स्टार दिले असते. दिले आहेत तीन. माझी सर्व्हिसिंग यापुढेही इथेच करणार आहे, वर्कशॉपमधल्या दादांसाठी. दसरा जवळ आला आहे, आणि दसऱ्याच्या आधी कंटेनरवर कंटेनर येतात. मालकांपर्यंत विषय नेला आहे, शिंदेवाडीला उतरवून छोट्या हत्तीने आणायचं बघतो, असं मॅनेजरनी परवा सांगितलं. सकाळी लवकर येणाऱ्या माणसांना जादा मजुरी देणं तर त्यांच्या स्वतःच्याच हातात आहे, तेवढं तरी ते याच आठवड्यात करू शकतात. यातलं एक जरी झालं तरी मी इथे येऊन तसं लिहीन आणि स्टारही बदलीन.